चुंबकाने चालणारी दुर्बिणीची अवजारे आणि पोटाच्या भिंतीची जाडी

शल्यक_पलासिया (धागाकर्ता)

पित्ताशयाची दुर्बिणीची शस्त्रक्रिया चालू असताना टेबलाशी उभ्या असलेल्या माणसांपैकी सर्वांत कंटाळवाणे काम साहाय्यकाच्या वाट्याला येते. पित्ताशयाचा शेंडा ५ मिलिमीटरच्या ग्रास्परमध्ये, म्हणजे लांब दांड्याच्या चिमट्यात, धरायचा, यकृतासकट तो रुग्णाच्या उजव्या खांद्याच्या दिशेने वर ढकलून ठेवायचा आणि मग हलायचे नाही. पंधरा-वीस मिनिटांनी त्याचे मनगट नकळत खाली येते, पित्ताशय लोंबू लागते आणि मी कष्टाने उघडा केलेला कॅलोटचा त्रिकोण, म्हणजे पित्ताशयाची नळी आणि रक्तवाहिनी जिथे शोधायची ती जागा, पडद्यावर हळूहळू मिटतो. मग मी "वर" म्हणतो, तो वर करतो, आणि पाच मिनिटांनी पुन्हा तेच. बावीस वर्षांच्या व्यवसायात मी "वर" हा शब्द जितक्यांदा उच्चारला आहे तितक्यांदा देवाचे नावही घेतलेले नाही.

हे धरून ठेवण्याचे काम चुंबकाकडे द्यावे, ही कल्पना आता केवळ कागदावर राहिलेली नाही. अर्जेंटिनातील डोमिंगेझ या शल्यविशारदाने निओडिमियमच्या (अतिशय जोरदार) चुंबकांचे चिमटे वापरून बेंबीच्या एकाच छिद्रातून पित्ताशय काढण्याचे अनुभव २००९ मध्ये प्रसिद्ध केले. त्याच्या आधी, २००७ मध्ये, टेक्सासमधील कॅडेडू यांच्या गटाने कॅमेरा आणि रिट्रॅक्टर (अवयव बाजूला धरणारे अवजार) पोटाच्या भिंतीला आतून चुंबकाने टांगण्याची पद्धत मांडली होती. चिलीचे शल्यविशारद रॉड्रिग्ज-नवारो यांनी विकसित केलेल्या लेविटा या उपकरणाला २०१६ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या नियंत्रक संस्थेची परवानगी मिळाली. त्यात ग्रास्परचे टोक पित्ताशयाला चावा घेऊन दांड्यापासून सुटे होते, दांडा बाहेर काढून घेता येतो, आणि पोटावर बाहेरून फिरवलेला मोठा चुंबक आतल्या टोकाला हवे तिकडे ओढून धरतो. २०२३ मध्ये परवानगी मिळालेल्या त्याच कंपनीच्या पुढच्या यंत्रणेत हा बाहेरचा चुंबक आणि कॅमेरा दोन्ही यांत्रिक हातांवर बसवलेले आहेत आणि त्यांचे नियंत्रण शल्यविशारदाकडे असते.

आपल्या नेहमीच्या अवजारांचे मूळ दुखणे त्यांच्या छिद्रात आहे, हे या क्षेत्राबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवे. अरुंद तोंडाच्या बरणीत लांब चमचा घालून तळाची लोणच्याची फोड काढायला गेलात, तर चमचा बरणीच्या काठावर टेकतो. हात उजवीकडे नेला की टोक डावीकडे जाते आणि चमच्याला वळायला जागा उरत नाही. ट्रोकारमधून, म्हणजे छिद्रात बसवलेल्या नळीतून, जाणाऱ्या प्रत्येक दांड्याची गत अशीच असते. यंत्रमानवी शस्त्रक्रियेने, म्हणजे २००० मध्ये अमेरिकेत परवानगी मिळालेल्या दा विंचीने आणि नंतर आलेल्या इतर यंत्रांनी, टोकाशी मनगट बसवले आणि हाताची उलटापालट संगणकाने सरळ केली, पण दांडा त्याच काठावर टेकून राहिला. चुंबकाने धरलेल्या अवजाराला दांडाच नसतो, आणि म्हणून पोटाच्या आतल्या पृष्ठभागावर ते कुठेही नेता येते.

माझा प्रश्न या मंडळावरील पदार्थविज्ञानाच्या आणि यंत्रशास्त्राच्या मंडळींना आहे. धरून ठेवण्यापलीकडची कामे, म्हणजे कापणे, सोलणे, टाका घेणे, अशा अवजारांकडून होताना मला दिसत नाहीत. अडते आहे ते नेमके कुठे?

जुना_इंदूरकर

डॉक्टरसाहेब, मी या विषयातला नाही, तरी एक शंका विचारतो. माझे पित्ताशय पोट उघडून काढले गेले होते आणि बरगडीखालचा वीतभर व्रण अजून पाऊस आला की खाजतो. सौभाग्यवतींचे त्यानंतर बारा वर्षांनी दुर्बिणीतून झाले, चार छिद्रे पडली आणि तिसऱ्या दिवशी त्या घरी येऊन स्वयंपाकघरात लुडबुड करू लागल्या. वीतभर व्रणापासून चार छिद्रांपर्यंतचा फायदा मला माझ्या पोटावर दिसतो. चारांतून एक कमी करण्यासाठी एवढा खटाटोप कशाला? शिवाय २०२५ च्या जुलैत फ्रान्समधील स्ट्रासबर्गला बसलेल्या शल्यविशारदाने यंत्राच्या साहाय्याने इंदुरातील रुग्णावर शस्त्रक्रिया केल्याचे आपण सर्वांनीच वाचले. तंत्रज्ञान इतके पुढे गेले असताना पुन्हा चुंबकाकडे वळणे मला बैलगाडीसारखे वाटते.

शल्यक_पलासिया

आपली पहिली शंका रास्त आहे, आणि माझे उत्तर उपकरणे विकणाऱ्यांना आवडणारे नाही. ५ मिलिमीटरचे एक छिद्र वाचवून रुग्णाला फारसे काही मिळत नाही. छिद्रातून पुढे हर्निया होण्याचा धोका मुख्यतः १० मिलिमीटर आणि त्याहून मोठ्या छिद्रांना असतो, आणि ती या पद्धतीतही एक-दोन लागतातच. म्हणून "व्रण कमी" हा मुद्दा मी बाजूला ठेवतो. मला हवी आहे ती न थकणारी आणि काठावर न अडकणारी पकड.

दूरस्थ शस्त्रक्रियेचा प्रश्न वेगळा आहे, कारण तिथे अंतर वाढते आणि अवजार तेच राहते. तरी एक गंमत सांगतो. २००१ च्या सप्टेंबरमध्ये फ्रेंच शल्यविशारद मारेस्को यांनी न्यूयॉर्कला बसून अटलांटिकपलीकडच्या रुग्णाचे पित्ताशय काढले, तेव्हा रुग्ण स्ट्रासबर्गला होती. चोवीस वर्षांनी स्ट्रासबर्गला शल्यविशारद बसला आणि रुग्ण आपल्या गावात होता. या दोन्ही वेळी पोटात शिरलेला दांडा मात्र ट्रोकारच्या काठावरच टेकत होता. अंतर किती का असेना, बरणीचे तोंड अरुंद ते अरुंदच.

लोहचुंबक

मी निवृत्त आहे आणि आयुष्याचा बराच भाग चुंबकांच्या सहवासात काढला आहे. इंदूरकरांना राजा रामण्णा केंद्रातील इंडस-२ हे कणांना वेग देणारे यंत्र ऐकून ठाऊक असते, पण त्यातील ॲन्ड्युलेटर नावाच्या भागात निओडिमियमच्या चुंबकांच्या रांगा समोरासमोर बसवलेल्या असतात आणि त्यांच्यामधील फट मिलिमीटरच्याही अंशाने सांभाळावी लागते, हे फार थोड्यांना माहीत असते. आपल्या प्रश्नाचे उत्तर त्या फटीतच आहे. फरक इतकाच की आपल्या फटीत माणसाची चामडी, चरबी आणि स्नायू भरलेले आहेत.

दोन चुंबकांमधील ओढ अंतराच्या चौथ्या घाताने घटते. अंतर दुप्पट झाले की ओढ सोळाव्या हिश्श्यावर येते. हे सूत्र चुंबकाच्या आकाराच्या मानाने अंतर मोठे असताना नीट लागू पडते, तरी अंदाजापुरते चालते. मी कागदावर एक उदाहरण सोडवले. बाहेर ५ सेंटिमीटर व्यासाचा आणि तितक्याच उंचीचा चांगल्या प्रतीचा निओडिमियम चुंबक घ्या, आणि आत १ सेंटिमीटर व्यासाचा, १ सेंटिमीटर उंचीचा. पोटाची भिंत २ सेंटिमीटर जाड असेल तर ओढ सुमारे ८ न्यूटन येते, म्हणजे सुमारे ८०० ग्रॅम वजन तोलण्याइतकी. भिंत ४ सेंटिमीटर असेल तर २ न्यूटन, आणि ६ सेंटिमीटर असेल तर पाऊण न्यूटन. पाऊण न्यूटन म्हणजे एका लिंबाचे वजन. यकृत सोडाच, तेवढ्यावर आतले अवजार स्वतःचा भार आणि थोडेफार घर्षण सांभाळले तरी पुष्कळ.

आता दुसरी बाजू पाहा. हीच ओढ मधल्या भिंतीला दोन्हीकडून चेपते. ८ न्यूटनची ओढ १ सेंटिमीटर व्यासाच्या आतल्या चुंबकाच्या तोंडावर पडली तर दाब साडेसातशे मिलिमीटर पाऱ्याच्या वर जातो. सूक्ष्म रक्तवाहिन्यांतील दाब म्हणून जुन्या पुस्तकांत ३२ मिलिमीटर पारा हा आकडा दिलेला असतो. म्हणजे तेवढ्या भागातील रक्तपुरवठा थांबणार. आतल्या अवजाराला ४ चौरस सेंटिमीटरचे बूड दिले तर २ सेंटिमीटरच्या भिंतीत दाब दीडशेवर येतो आणि ४ सेंटिमीटरच्या भिंतीत सुमारे ३७ वर. थोडा वेळ ऊती हे सोसतात, पण दोन तास सोसतील असे मी म्हणणार नाही. ते डॉक्टरांनी सांगावे.

म्हणजे एकाच चुंबकाने सडपातळ माणसाची भिंत चिरडते आणि जाड माणसात अवजार गळून पडते. अडते आहे ते इथे.

अनिकेत_यांत्रिकी

काका, मी इथल्याच एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला आहे आणि प्रकल्पासाठी हाच विषय घेण्याचा विचार आहे. आपले वाचून जेल रोडवर गेलो, एका भंगार हार्ड डिस्कमधील दोन चुंबक मिळवले आणि दोनशे पानी वहीच्या दोन बाजूंना लावून पाहिले. वहीची पाने कमी-अधिक केली की ओढ कशी बदलते ते बोटांना स्पष्ट कळते. एक वही असताना आतला चुंबक बाहेरच्या मागे इमानाने फिरतो. तीन वह्या ठेवल्या की तो आधी मागे रेंगाळतो आणि मग एकदम सुटून खाली पडतो. पुन्हा जवळ नेला तर मधल्या कुठल्याही जागी थांबत नाही, थेट उडी मारून चिकटतो. माझे करंगळीचे टोक त्यात सापडले.

दोन प्रश्न आहेत. ही उडी टाळता येते का? आणि नुसते ओढण्याऐवजी आतल्या चुंबकाला बाहेरून फिरवून त्याच्याकडून यंत्र चालवता येणार नाही का?

लोहचुंबक

शाबास. करंगळीवर बर्फ लाव.

उडीबद्दल आधी. स्थिर चुंबकांच्या जोरावर दुसऱ्या चुंबकाला अधांतरी स्थिर ठेवता येत नाही, हे अर्नशॉ यांनी १८४२ मध्येच सिद्ध केले. तो एक तर चिकटेल, नाही तर पडेल. पोटात भिंतीचा आधार असतो म्हणून चिकटणे चालते. अधांतरी ठेवायचे तर सतत मोजून सतत दुरुस्त करणारी यंत्रणा लागते.

दुसरा प्रश्न मात्र नेमका आहे, आणि लीड्समधील वाल्दास्त्री आणि त्यांचे सहकारी त्याच वाटेने गेले आहेत. ओढ अंतराच्या चौथ्या घाताने घटते, पण पीळ, म्हणजे फिरवण्याचा जोर, तिसऱ्या घातानेच घटतो. म्हणून भिंत जाड झाली की ओढण्यापेक्षा फिरवणे परवडते. बाहेर मोटारीवर एक चुंबक गरगर फिरवा; आत त्याच्या जोडीचा चुंबक गिरकी घेऊ लागतो; त्या गिरकीला दातेरी चाकांची जोड देऊन वेग कमी करा आणि पीळ वाढवा. पोटात मोटार नाही, बॅटरी नाही, तार नाही, तरी चिमट्याचे जबडे उघडतात आणि मिटतात. धरण्यासाठी एक चुंबकजोडी आणि चालवण्यासाठी दुसरी, अशी ही मांडणी असते.

यातली अडचण शेजारधर्माची आहे. एका अवजाराला वर-खाली, डावे-उजवे आणि उघड-मीट अशा तीन हालचाली हव्या असतील तर तीन फिरत्या जोड्या लागतात, आणि मुठीएवढ्या जागेत एक बाहेरचा चुंबक आतल्या तिन्हींना खुणावतो. ज्याला हाक मारली तो येतोच, पण न बोलावलेले दोघेही मान वळवतात. जोड्यांमध्ये अंतर ठेवले तर अवजार लांबते, आणि लांबलेले अवजार १० मिलिमीटरच्या ट्रोकारमधून आत गेले तरी पोटात वळत नाही. त्याखेरीज एकाच चुंबकाच्या सहा हालचालींपैकी पाचच बाहेरून ताब्यात येतात. स्वतःच्या उत्तर-दक्षिण अक्षाभोवतीची गिरकी कोणत्याही क्षेत्राला दिसत नाही. टाका घेताना सुई जी गिरकी घेते ती नेमकी कुठल्या अक्षाभोवती आहे याचा विचार कर, म्हणजे मनगट इतके अवघड का ते कळेल.

कायम चुंबकांऐवजी विजेची वेटोळी वापरली तर क्षेत्र हवे तेव्हा चालू-बंद करता येते, पण हातभर अंतरावरून पोटात पुरेसे क्षेत्र पोचवायला जो प्रवाह लागतो त्याने वेटोळी तापतात, आणि त्या अवाढव्य वेटोळ्यांमुळे डॉक्टरांना उभे राहायला जागा उरत नाही. जॉन्स हॉपकिन्स आणि मेरीलँड येथील संशोधकांनी चार वेटोळ्यांच्या मध्ये ठेवलेल्या बशीत सुई आणि तिचा दोरा चुंबकाने चालवून दाखवला आहे, पण ती सुई जेलीसारख्या पदार्थातून जात होती. हृदयासाठी स्टिरिओटॅक्सिसची यंत्रणा २००३ पासून अमेरिकेत मान्य आहे. तिच्यात टेबलाच्या दोन्ही बाजूंना प्रचंड कायम चुंबक असतात आणि रुग्णाच्या छातीत क्षेत्र मिळते ते जेमतेम ०.०८ टेस्ला. कॅथेटरचे मऊ टोक वळवायला ते पुरते. यकृत उचलायला पुरणार नाही.

ओटीतली_ताई

मी वीस वर्षे ऑपरेशन थिएटरमध्ये काम केले आहे. न्यूटन मला कळत नाहीत, पण चुंबक ओटीत आला की काय होते ते मी पाहिले आहे.

दुसऱ्या एका शहरात झालेल्या प्रशिक्षण शिबिरात आम्हाला साहाय्याला बोलावले होते. बाहेरचा चुंबक निर्जंतुक पिशवीत घालून रुग्णाच्या पोटावर ठेवायचा होता. ज्यांनी तो आणला त्यांनी पिशवीची गाठ बांधता बांधता तो क्षणभर माझ्या ट्रॉलीच्या कडेला टेकवला. तीन टॉवेल क्लिप, एक मॉस्किटो (बारीक चिमटा) आणि एक नीडल होल्डर ट्रेमधून उडून त्याला बिलगले. ते सोडवून घेतले आणि काम पुढे चालू झाले. शेवटी सुयांची मोजणी केली तर एक कमी.

सुई कमी म्हटल्यावर पोट बंद करता येत नाही, हे डॉक्टरांना वेगळे सांगायला नको. आम्ही जमीन पाहिली, चादरीच्या घड्या पाहिल्या, कचऱ्याची पिशवी उलटी केली, सगळ्यांच्या चपलांचे तळ पाहिले. जमिनीवरची सुई शोधायला आमच्याकडे लांब दांडीचा एक छोटा चुंबक असतो, तोही फिरवला. एक्स-रे काढण्यासाठी सी-आर्म आत घेतला जात असताना माझ्या सोबतच्या मुलीच्या लक्षात आले की पिशवीच्या गाठीखाली, मोठ्या चुंबकाच्या कडेला चंद्रकोरीसारखे काहीतरी चमकते आहे. ती सुई बहुधा ट्रॉलीवरूनच गेली होती. तोपर्यंत वीस-पंचवीस मिनिटे रुग्ण विनाकारण भुलीखाली राहिला होता, आणि शिबिराच्या अहवालात ही गोष्ट आली नाही.

आणखी एक. हे चुंबक निर्जंतुक कसे करायचे, हे आम्हाला कोणीच नीट सांगितले नाही. ऑटोक्लेव्हमध्ये टाकू का, असे विचारले तर तीन माणसांनी तीन उत्तरे दिली.

लोहचुंबक

ताई, आमच्याकडे चुंबकांच्या जुळणीच्या टेबलावर लोखंडी पाना नेणे हा जवळजवळ गुन्हाच असे. पाने, पकडी, स्क्रू, सगळे पितळेचे किंवा बेरिलियम-तांब्याचे वापरायचे, आणि मनगटावरचे घड्याळ काढून खुंटीला टांगायचे. तुमच्या ट्रेमधील चिमटे आणि क्लिपा ज्या कडक केलेल्या पोलादाच्या असतात ते चुंबकाकडे धावून जाते. टायटॅनियमची अवजारे धावणार नाहीत, पण सगळा ट्रे टायटॅनियमचा करणे किती रुग्णालयांना परवडेल? निदान मोठ्या चुंबकासाठी ॲल्युमिनियमची वेगळी, दूरची ट्रॉली हवी आणि तो उचलण्याआधी सुया मोजून झाकल्या गेल्या पाहिजेत.

ऑटोक्लेव्हबद्दल सांगतो. साधा निओडिमियम चुंबक ८० अंश सेल्सिअसच्या पुढे आपली शक्ती कायमची गमावू लागतो, आणि तुमचा ऑटोक्लेव्ह १२१ किंवा १३४ अंशांवर चालतो. म्हणजे साधा चुंबक त्यातून दिसायला तसाच बाहेर येईल, पण दुबळा झालेला असेल, आणि हे कुणालाही डोळ्यांनी कळणार नाही. १५० अंशांपर्यंत टिकणारे प्रकार मिळतात. त्यांत डिस्प्रोसियम मिसळलेले असते, आणि एप्रिल २०२५ मध्ये चीनने ज्या दुर्मिळ मूलद्रव्यांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली त्यांत तेही आहे. समेरियम-कोबाल्टचे चुंबक उष्णता आणखी चांगली सोसतात, पण जोर कमी आणि काचेसारखे ठिसूळ. शिवाय निओडिमियम चुंबकाला ओलाव्यात गंज चढतो, म्हणून वरचा मुलामा तडकला तर तो चुंबक पोटात घालण्याच्या लायकीचा राहिला नाही असेच समजावे. कमी उष्णतेवर हायड्रोजन पेरॉक्साइडच्या प्लाझ्माने निर्जंतुक करणे हा त्यातला सोयीचा मार्ग आहे, पण अंतिम शब्द उपकरणासोबतच्या सूचनापत्राचाच.

सुदामानगरची_सुनंदा

माझ्या वडिलांना पेसमेकर बसवलेला आहे आणि मागच्या सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले. हा धागा वाचल्यापासून मला झोप नाही. त्यांची शस्त्रक्रिया ठरली तर अशा चुंबकाचा धोका आहे का?

शल्यक_पलासिया

सुनंदाताई, आधी काळजी दूर करतो. वडिलांची शस्त्रक्रिया ठरली तर ती नेहमीच्या, बिनचुंबकाच्या दुर्बिणीच्या पद्धतीने होऊ शकते. पेसमेकरची आगाऊ तपासणी आणि कॉटरी (विजेने डागण्याचे अवजार) वापरतानाची खबरदारी, एवढे हृदयरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ मिळून पाहतात. खडे दिसले म्हणजे शस्त्रक्रिया करायलाच हवी असेही नाही. त्रास होतो की नाही यावर बरेच अवलंबून असते.

पेसमेकर असलेल्या रुग्णात मात्र मी हे चुंबकी अवजार वापरणार नाही. पेसमेकरमध्ये चुंबक ओळखणारा एक स्विच असतो. चुंबक जवळ आला की पेसमेकर हृदयाचे ठोके ऐकणे थांबवतो आणि ठरावीक गतीने स्वतःचेच ठोके देत राहतो. झटका देणारे उपकरण बसवलेले असेल तर चुंबकामुळे बहुतेक वेळा त्याचा झटकाच रोखला जातो, आणि ते अधिक गंभीर आहे. लोहचुंबक, किती अंतरापर्यंत हे होऊ शकते याचा हिशेब आपण मांडू शकाल का?

लोहचुंबक

स्विचला जाग यायला सुमारे १ मिलिटेस्ला पुरतो. माझ्या उदाहरणातील ५ सेंटिमीटरच्या चुंबकाच्या अक्षावर तेवढे क्षेत्र साधारण २७ सेंटिमीटरवर येते, म्हणजे वीत आणि वर चार बोटे. पित्ताशयाच्या जागेपासून डाव्या गळपट्टीच्या हाडाखालचा पेसमेकर सहसा याच्या थोडा पलीकडे असतो, पण चुंबक आणताना आणि नेताना तो छातीवरून जाणार नाही याची हमी कोण देणार? डॉक्टरांचा नकार योग्यच आहे.

जुना_इंदूरकर

बैलगाडी हा शब्द मी मागे घेतो. आता वेगळेच विचारतो. ज्या गावात सकाळी पोहे-जिलबी आणि रात्री सराफ्यात भुट्ट्याचा कीस असतो, तिथे २ सेंटिमीटरच्या भिंतीचे रुग्ण डॉक्टरसाहेबांना सापडतात तरी किती?

शल्यक_पलासिया

आपल्याला वाटते त्यापेक्षा अधिक सापडतात, आणि त्याचे कारण रंजक आहे. लेविटाला प्रथम परवानगी मिळाली ती बीएमआय २० ते ३४ असलेल्या पित्ताशयाच्या रुग्णांसाठी. पुढे लठ्ठपणावरील आणि प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियांसाठीही ती मिळाली. बीएमआय मात्र उंची आणि वजन यांचा हिशेब आहे, त्याला भिंतीची जाडी दिसत नाही. आपल्याकडच्या मध्यमवयीन पुरुषांची ढेरी पुष्कळदा आतल्या चरबीची असते. हात लावला तर पोट ढोलकीसारखे टणक लागते, आणि भिंत स्वतः पातळच निघते. याउलट, बीएमआय बेताचा असलेल्या बाईंच्या त्वचेखाली चार बोटे चरबी आढळते. एकाच माणसातही बरगडीखालची भिंत वेगळी आणि ओटीपोटाची वेगळी असते. शिवाय १२ ते १५ मिलिमीटर पाऱ्याच्या दाबाने कार्बन डायऑक्साइड भरला की भिंत ताणली जाते आणि तिची जाडी पुन्हा बदलते. म्हणून चुंबक वापरण्याआधी सोनोग्राफीवर त्या नेमक्या जागेची जाडी मोजून घ्यावी, असे माझे मत झाले आहे. प्रोब लावायला एक मिनिटही लागत नाही.

आणि आता माझ्या मूळ प्रश्नाकडे येतो. लोहचुंबक यांचे आकडे वाचल्यावर यंत्राचा हात कुठे हवा याबद्दलचे माझे मत बदलले. मी आजवर पोटाच्या आतल्या यंत्रमानवाचा विचार करत होतो. प्रत्यक्षात हात बाहेर हवा, चुंबक धरलेला. सडपातळ रुग्णात त्याने चुंबक त्वचेपासून दोन-तीन सेंटिमीटर वर उचलून धरावा, म्हणजे भिंत चेपणार नाही. चरबी असलेल्या रुग्णात तो टेकवावा. आणि रुग्णाच्या प्रत्येक श्वासाबरोबर पोट वर-खाली होते तसे त्याने ते अंतर सांभाळत राहावे. माणसाच्या हाताला हे जमणार नाही, कारण चौथ्या घाताच्या नियमात एका सेंटिमीटरची चूक म्हणजे पकडीतला मोठा फरक. आतले अवजार जितके मुके आणि साधे तितके बरे. ते धरील आणि कॅमेरा टांगील; टाके मात्र अजून बरीच वर्षे मी दांड्याच्या अवजारानेच घालणार आहे.

अनिकेत_यांत्रिकी

डॉक्टरसाहेब, मग माझा प्रकल्प ठरला. पोटातले अवजार बनवायचेच नाही. बाहेरच्या चुंबकाखाली बल मोजणारा सेन्सर लावायचा, आणि ओढ ठरलेल्या मर्यादेत राहील अशा रीतीने एका मोटारीने चुंबक वर-खाली करायचा. मधल्या भिंतीसाठी वह्या चालणार नाहीत, कारण त्या दबत नाहीत. बोकडाच्या पोटाचा पडदा आणावा असे मनात होते, पण आईने फ्रिजला हात लावायलाच बंदी केली आहे. जिलेटिनच्या थरांवर चालेल का? आणि श्वासाची हालचाल कशी दाखवू?

लोहचुंबक

जिलेटिन चालेल. १, २, ३ आणि ४ सेंटिमीटरचे थर वेगवेगळ्या ताटल्यांत जमव, ताटल्या प्लॅस्टिकच्या घे. श्वासासाठी थराखाली रक्तदाब मोजायच्या यंत्राची रबरी पिशवी ठेव आणि फुग्याने मिनिटाला बारा-चौदा वेळा फुगव; दाबाचा आकडा तुला त्याच्याच तबकडीवर मिळेल, तो १५ च्या पुढे जाऊ देऊ नकोस.

रविवारी सकाळी माझ्याकडे ये. येताना आईचा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा मागून आण, पण त्याच्यावरचे ताट स्टीलचे असेल तर ते चुंबकाला चिकटेल आणि सगळे आकडे खोटे येतील. काट्यावर आधी वीतभर उंचीचा लाकडी ठोकळा ठेवायचा, त्याच्यावर आतला चुंबक चिकटपट्टीने बसवायचा आणि मग काटा शून्यावर आणायचा. बाहेरचा चुंबक वरून उतरवला की काटा उणे वजन दाखवेल. ते उणे वजन म्हणजेच तुझी ओढ. ठोकळा माझ्याकडे आहे, सागवानी आहे, फक्त त्यातला जुना खिळा अजून उपटायचा राहिला आहे.